चिनी कोबीचे कुलगोत्र

चेन्नईच्या पश्चिमेस, अरक्कोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अंबत्तूर नावाचे उपनगर आहे. दक्षिण भारतातील पहिला प्रवासी लोहमार्ग १८५६ साली रोयापुरमहून आर्काटच्या दिशेने गेला तो याच वाटेने. त्या काळी अंबत्तूर हे तळी आणि भातशेती यांच्या आधाराने जगणारे खेडे होते. १९४९ साली तेथे सायकलींचा कारखाना उभा राहिला, १९६४ साली औद्योगिक वसाहत आली आणि २०११ साली हे गाव चेन्नई महानगरपालिकेत सामावले गेले. गावाच्या नावाविषयी तेथे एक कथा सांगतात. शक्तीच्या १०८ क्षेत्रांपैकी हे ५१ वे. तमिळमध्ये ‘ऐंबत्तु ओंड्राम ऊर’ म्हणजे एकावन्नावे गाव, आणि त्याचेच बोलता बोलता अंबत्तूर झाले. व्युत्पत्तिशास्त्र अशा कथांकडे सावधपणे पाहते. परंतु त्या कथांतून माणसाची एक जुनी सवय कळते. नाव कानी पडले की माणसाला त्यात अर्थ हवा असतो, आणि तो सापडला नाही तर तो घडवून घेतो.

या सवयीचा प्रत्यय गावांच्या नावांपेक्षाही भाज्यांच्या नावांत अधिक येतो. अंबत्तूरच्या भाजीबाजारात उभ्या राहिलेल्या मराठी माणसाला तेथील तीन नावे लक्षपूर्वक ऐकावी लागतात. आपण ज्याला कोबी म्हणतो तो तेथे ‘मुट्टैकोस’ असतो. मुट्टै म्हणजे अंडे, म्हणून हा अंड्यासारखा गोल कोस. फुलकोबीला तेथे ‘पूकोस’ म्हणतात. पू म्हणजे फूल. आणि नवलकोलाला ‘नूकोल’. पहिल्या दोन नावांची रचना मराठीसारखीच आहे. एक मूळ शब्द घ्यावयाचा आणि आकारावरून त्यास विशेषण जोडावयाचे. तिन्ही नावांतील अंडे आणि फूल घरचे. कोस आणि कोल मात्र समुद्रापलीकडून आलेले.

मराठीतील कोबी हाही तसाच समुद्रावरून आला. पोर्तुगीज भाषेत या भाजीला ‘कोव्ह’ म्हणतात, आणि तो शब्द लॅटिन ‘काउलिस’ म्हणजे देठ या शब्दापासून निघाला. १५१० साली गोवा पोर्तुगिजांच्या हाती गेला. त्यानंतरच्या काळात पश्चिम किनाऱ्याच्या मळ्यांत आणि स्वयंपाकघरांत जे नवे पदार्थ शिरले त्यांच्याबरोबर त्यांची नावेही शिरली. बटाटा, अननस, काजू, पाव ही त्यांतील ठळक नावे. गोव्याचे सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद या धर्मगुरू-पंडिताने १९१३ साली आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा एक मोठा कोश प्रसिद्ध केला. आसगावात जन्मलेल्या या माणसाने कोकणी आणि मराठीपासून मलायी आणि जपानीपर्यंत अनेक भाषांत विखुरलेले हे शब्द एकत्र आणले. कोव्ह आणि त्याची भारतीय रूपे त्या कोशात आहेत. शब्द किती दूरवर गेले हे त्यात दिसते. आणि ते राजाज्ञेने गेले नाहीत, टोपल्यांतून आणि चुलींवरून गेले, हेही जाणवते.

हिंदीतील ‘गोभी’ या शब्दाची कथा यापुढची आहे. तो संस्कृत ‘गोजिह्वा’ या वनस्पतिनामापासून, म्हणजे गाईच्या जिभेपासून आला, असे सांगितले जाते. गोजिह्वा नावाच्या वनस्पती आपल्याकडे आहेत हे खरे. पण गड्डा धरणाऱ्या कोबीशी त्यांचा काही संबंध नाही. पोर्तुगीज शब्दाला संस्कृत पूर्वज शोधून देण्याचा हा प्रकार अंबत्तूरच्या एकावन्नाव्या गावासारखाच आहे.

नवलकोलाची गोष्ट याहून रंजक आहे. डच भाषेत ‘क्नोल’ म्हणजे गाठ किंवा कंद, आणि ‘कोल’ म्हणजे कोबी. डचांचे कोरोमंडल किनाऱ्यावरील प्रमुख ठाणे पुलिकत येथे होते. आजच्या चेन्नईच्या उत्तरेस असलेल्या या बंदरात त्यांनी १६१३ साली किल्ला बांधला. डच नाव हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बोलीत ‘नोलकोल’ या रूपाने रुळले. तमिळमध्ये त्याचे नूकोल झाले. मराठीने मात्र त्या निरर्थक ‘नोल’मध्ये ‘नवल’ पाहिले. जमिनीच्या वर, देठावर धरणारा कंद पाहून नवल वाटावे हे स्वाभाविकच होते; म्हणून नावाचा हा मराठी अर्थ इतका चपखल बसला की त्यामागे डच शब्द आहे हे कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. परक्या शब्दाला घरचे करण्याची ही उत्तम रीत होय. कोबीचेही तसेच झाले. आज कोबीची भाजी परकी आहे असे कोणत्याही मराठी घरात कोणी म्हणणार नाही.

आता या तिघांच्या शेजारी अलीकडे येऊन बसलेल्या चौथ्या भाजीकडे वळावे लागते. तिची पाने लांबट, फिकट हिरवी, कडेला किंचित सुरकुतलेली असतात. मधली शीर रुंद, पांढरी आणि रसाळ असते. काही जातींत पाने एकमेकांवर घट्ट मिटून उभा, लांबट गड्डा धरतो. काहींत ती सुटी राहतात आणि पांढरे देठ चमच्यासारखे पसरट होतात. मराठीत हिला ‘चिनी कोबी’ म्हणतात. पुष्कळदा ‘चायनीज कॅबेज’ हेच नाव तसेच वापरले जाते. तमिळमध्येही मुट्टैकोसच्या आधी चीनचे नाव लावून काम भागवले जाते. कोबी, नवलकोल यांच्या नावांना जसे घरचे रूप मिळाले तसे हिला मिळालेले नाही. तिच्या नावात दोन शब्द आहेत, आणि दोन्ही तिच्याविषयी काहीशी दिशाभूल करणारे आहेत.

त्यांतील ‘चिनी’ हा शब्द आधी पाहावा. एखादी वस्तू दुरून आली की तिला चीनचे नाव देण्याची भारतीय भाषांची परंपरा फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चीनपट्टाचा उल्लेख आहे आणि कालिदासाच्या शाकुंतलात चीनांशुकाचा. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएन्-त्संगने पंजाबातील चीनभुक्ती नावाच्या प्रदेशाची हकीकत नोंदवली आहे. कनिष्काच्या काळी ओलीस म्हणून आलेल्या चिनी राजपुत्राला हा प्रदेश राहण्यासाठी दिला होता, आणि त्यानेच भारतात पीच व नाशपाती ही फळे आणली, असे तो सांगतो. म्हणून पीचला ‘चीनानी’ आणि नाशपातीला ‘चीनराजपुत्र’ अशी नावे पडली. ओलीस ठेवलेला राजपुत्र इतिहासात हरवला. त्याचे नाव फळाने सांभाळले.

या परंपरेत चुकाही आहेत. मराठीतील ‘दालचिनी’ हा शब्द फारसी ‘दारचीनी’वरून आला, दार म्हणजे लाकूड, म्हणून हे चीनचे लाकूड. उत्तम दालचिनी मात्र श्रीलंकेची, आणि तिचे भाऊबंद आपल्या सह्याद्रीच्या रानातही वाढतात. ऊस या भूमीचा जुना रहिवासी; तरीही हिंदीत साखरेला ‘चीनी’ म्हणतात आणि तमिळमध्ये ‘सीनी’. म्हणजे ‘चिनी’ हे विशेषण नेहमी जन्मभूमीच सांगते असे नाही. पुष्कळदा ते एवढेच सांगते की ही वस्तू, किंवा तिचा हा प्रकार, ज्याने प्रथम आणला तो लांबून आला होता.

चिनी कोबीच्या बाबतीत चीनचा हक्क मात्र खरा आहे. ही भाजी चीनमध्येच घडली. तेथे तिचे जुने नाव ‘सुंग’. चिनी लिपीत पाईनच्या झाडासाठी जे अक्षर आहे त्याच्या डोक्यावर गवताची खूण ठेवली की या भाजीचे अक्षर होते. अकराव्या शतकातील लू दिएन या विद्वानाने याचे कारण असे दिले की, ही भाजी पाईनप्रमाणे थंडीला दाद देत नाही, हिवाळ्यातही उशिरापर्यंत कोमेजत नाही. म्हणून पाईनचे शील तिच्या नावात आले. सोळाव्या शतकात ली शिचेन या वैद्याने १५७८ साली पूर्ण केलेल्या आपल्या प्रचंड वनस्पतिकोशात लू दिएनचे हे मत उद्धृत केले आणि पुढे नोंदवले की लोक आता हिला ‘पाय-त्साय’ म्हणतात, कारण तिचा रंग हिरवट पांढरा आहे. पाय म्हणजे पांढरी, त्साय म्हणजे भाजी. पंडितांनी शील पाहिले, बाजाराने रंग पाहिला. आणि बहुधा होते तसे बाजाराचे नाव टिकले.

हे ‘पांढरी भाजी’ नाव मग चिनी खलाशी, मजूर आणि व्यापारी यांच्याबरोबर निघाले. कॅन्टनच्या बोलीत ते ‘पाक-चोय’ होते. इंग्रजीत सुट्या पानांच्या जातीचे तेच नाव रूढ झाले. फुकिएनच्या बोलीतून ते फिलिपिन्समध्ये ‘पेचाय’ म्हणून स्थिरावले. जपानने तीच चिनी अक्षरे आपल्या उच्चाराने वाचून ‘हाकुसाय’ म्हटले. कोरियात त्याचे ‘पेचू’ झाले आणि तेथील किमची नावाच्या लोणच्याचा ती प्राण बनली. अमेरिकेत हिला ‘नापा’ म्हणतात. त्याचे मूळ जपानी ‘नाप्पा’ या शब्दात आहे आणि त्याचा अर्थ केवळ पालेभाजी असा आहे. एकाच भाजीने प्रत्येक घाटावर पाणी पिताना नवे नाव घेतले. कोरियाला तर ‘चायनीज कॅबेज’ हे इंग्रजी नाव इतके खटकले की त्याने आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या संस्थेकडे आपले म्हणणे मांडले, आणि २०१२ साली ‘किमची कॅबेज’ हे नाव तेथे मान्य झाले. भाजीच्या नावावरून राष्ट्रांनी वाद घालावा हे वरवर पाहता हास्यास्पद वाटेल. पण ज्या पदार्थावर एका लोकसमूहाचा हिवाळा निभतो त्याच्या नावात दुसऱ्याचा देश असावा, हे त्याला का सोसवत नसावे, ते समजण्यासारखे आहे.

‘चिनी’ शब्दाचा विचार येथवर झाला. त्यापेक्षा अधिक फसवा शब्द ‘कोबी’ हा आहे, आणि त्याची उकल करण्यास वनस्पतिशास्त्रज्ञांना पावणेदोनशेहून अधिक वर्षे लागली.

स्वीडनच्या लिनीयसने १७५५ साली सुट्या पानांच्या जातीला ‘ब्रासिका कायनेन्सिस’ असे नाव दिले. ब्रासिका हे कोबी-सलगमांच्या प्रजातीचे लॅटिन नाव. म्हणून हीही त्यांच्यांतील एक, चीनमधली. गड्डा धरणाऱ्या जातीला शास्त्रीय नाव देणारा होता जुआंव द लोरेइरो हा पोर्तुगीज जेझुइट. धर्मप्रसारासाठी निघालेल्या या तरुणाची पहिली काही वर्षे गोव्यात गेली, नंतरची मकावमध्ये. १७४२ साली तो कोचिनचायनात, म्हणजे आजच्या व्हिएतनाममध्ये गेला आणि तेथे सुमारे ३५ वर्षे राहिला. युरोपीय औषधे मिळेनात म्हणून त्याने स्थानिक वनस्पतींचा अभ्यास आरंभला, आणि १७९० साली लिस्बनमध्ये त्याचा कोचिनचायनाच्या वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्याने या भाजीला ‘सिनापिस पेकिनेन्सिस’ म्हटले. सिनापिस म्हणजे मोहरी. ज्या गोव्यात कोव्हचा कोबी झाला त्याच गोव्यात राहून गेलेल्या या माणसाने, ज्याची मातृभाषाच कोव्हची होती त्याने, या भाजीस कोबी म्हटले नाही. त्याने तिला पेकिंगची मोहरी म्हटले. पुढे १८६० साली रूपरेख्त या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला मोहरीच्या प्रजातीतून काढून ब्रासिकात नेले. पण लोरेइरोच्या नजरेने जे टिपले होते ते अगदीच चुकीचे नव्हते, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले.

ते सिद्ध करणाऱ्या शास्त्रज्ञाची स्वतःची कथाच नावांच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. तो १८९८ साली जपानमध्ये जन्मला. वडील कोरियातून परागंदा झालेले, आई जपानी. तो पाच वर्षांचा असताना वडिलांची हत्या झाली आणि बालपण हलाखीत गेले. त्याचे नाव तीन चिनी अक्षरांत लिहिले जाई. जपानी ती ‘उ नागाहारु’ अशी वाचत, कोरियन ‘उ जांगचुन’ अशी. १९३५ साली त्याने एक प्रबंध प्रसिद्ध केला. कोबीकुळातील वनस्पतींच्या पेशींतील गुणसूत्रांची संख्या आणि त्यांच्या संकरांचे वर्तन पाहून त्याने त्यांचे परस्परांशी असलेले नाते एका त्रिकोणात मांडले. त्रिकोणाच्या तीन कोनांवर तीन मूळ जाती होत्या: १६ गुणसूत्रांची काळी मोहरी, १८ गुणसूत्रांचा कोबी आणि २० गुणसूत्रांचे सलगम. या मूळ जातींपैकी दोन-दोन एकत्र येऊन तीन नव्या जाती निर्माण झाल्या आहेत, असे त्याने दाखवले. शास्त्रजगात हा ‘उ यांचा त्रिकोण’ म्हणून प्रसिद्ध आहे. १९५० साली तो वडिलांच्या देशात, कोरियात गेला. तेथे त्याने पेचू आणि मुळा यांच्या सुधारलेल्या बियाण्यावर काम केले, आणि १९५९ साली तेथेच त्याचा अंत झाला.

या त्रिकोणात चिनी कोबीची जागा कोठे आहे हे पाहिले म्हणजे तिच्या मराठी नावाचा दुसरा शब्दही गळून पडतो. आपला कोबी, फुलकोबी, नवलकोल आणि ब्रोकोली हे सारे १८ गुणसूत्रांचे, एकाच जातीचे. लोकांनी आकारावरून त्यांना एका नावात गुंफले ते शास्त्राच्या कसोटीवर उतरले. चिनी कोबी मात्र २० गुणसूत्रांच्या कोनावर, सलगमाच्या घरात राहतो. त्याच घरात आणखी कोण आहे? उत्तर हिंदुस्थानातील पिवळी सरसों, तपकिरी सरसों आणि तोरिया. शतकानुशतके ज्या सरसोंच्या तेलावर उत्तरेचा स्वयंपाक चालला, तिची ही सख्खी बहीण. एवढेच नव्हे, मराठी घरात रोज फोडणीत तडतडणारी मोहरी ही ३६ गुणसूत्रांची आहे. २० ची सलगम-सरसों आणि १६ ची काळी मोहरी यांच्या मीलनातून ती जन्मली. म्हणजे चिनी कोबी ज्या जातीचा आहे, ती जात मोहरीच्या दोन जन्मदात्यांपैकी एक होय. या जातीची लागवड माणसाने प्रथम कोठे केली, याचा अलीकडे जो जनुकीय शोध घेतला गेला, तो मध्य आशियाच्या डोंगराळ पट्ट्याकडे बोट दाखवतो. तेथून तिची एक शाखा पूर्वेस चीनकडे गेली आणि पानांसाठी वाढवली गेली. एक आपल्याकडे आली आणि तेलासाठी वाढवली गेली. हजारो वर्षांनी पहिली शाखा पुन्हा दाराशी आली तेव्हा तिला कोणी ओळखले नाही. आणि जो कोबी पश्चिम युरोपच्या किनाऱ्याकडून जहाजाने आला, त्याच्या आधाराने या बहिणीला नाव दिले गेले.

माणसांच्या इतिहासातही याच्याशी समांतर अशी एक उलटापालट घडली आहे, आणि तिचा साक्षीदार महाबळेश्वर आहे. १८२७ ते १८३० या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या सर जॉन माल्कमने साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांकडून जागा मिळवून तेथे गोऱ्या लोकांसाठी आरोग्यस्थान वसवले. त्याबरोबरच तेथे तुरुंग बांधला गेला, आणि त्यात मलाक्का-सिंगापूरकडील सामुद्रधुनी वसाहतींतून शिक्षा होऊन आलेले चिनी आणि मलायी कैदी ठेवण्यात आले. या कैद्यांना भाजीपाल्याच्या मळ्यांत राबवले जाई. महाबळेश्वराच्या लाल मातीत बटाटा आणि इतर विलायती भाज्यांची लागवड मुख्यतः त्यांच्या हातांनी रुजली. १८६४ साली तो तुरुंग मोडला. मागे उरले ते एका धबधब्याचे नाव. कोयनेच्या खोऱ्याच्या तोंडाशी, जेथे त्यांचे मळे होते तेथे कोसळणाऱ्या या प्रपाताला आजही ‘चायनामन फॉल’ म्हणतात.

मद्रास इलाख्यातही हेच घडले. सामुद्रधुनी वसाहतींत तुरुंग अपुरे पडू लागल्याने काही चिनी कैदी मद्रासकडे धाडण्यात आले आणि त्यांतील काहींना निलगिरीत कामाला लावण्यात आले. सुटकेनंतर त्यांच्यांतील काही नडुवट्टमच्या सिंकोना मळ्यांजवळ राहिले. त्यांनी तमिळ स्त्रियांशी संसार केले. मद्रासच्या सरकारी वस्तुसंग्रहालयाचा अधीक्षक एडगर थर्स्टन याने १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या छोट्या वस्तीचे वर्णन केले आहे. भाजीपाला पिकवून, थोडी कॉफी लावून आणि गाईगुरे पाळून हे लोक कष्टाने पोट भरत, असे तो लिहितो. निलगिरी ही पुढे मद्रास शहराची भाजीची वाडी बनली. अंबत्तूरच्या बाजारातील गड्डेही त्या डोंगरांवरून उतरतात.

या दोन्ही ठिकाणी चिनी हातांनी पिकवलेल्या भाज्यांना कोणी चिनी म्हटले नाही. त्या ‘विलायती’ भाज्याच राहिल्या, कारण खाणारा विलायतेचा होता. राबणाऱ्याच्या नावाने वस्तू ओळखली जाणे ही इतिहासात दुर्मिळ गोष्ट आहे. वस्तूला बहुधा मालकाचे नाव मिळते. कैद्यांच्या वाट्याला धबधबा आला, आणि त्या धबधब्याच्या नावातही एकाही माणसाचे स्वतःचे नाव नाही. ‘चिनी’ या एका शब्दात ते सर्वजण गोळा झाले. त्याच शब्दाने १९६२ साली आणखी कठोर रूप धारण केले. चीनशी युद्ध झाल्यावर आसाम-बंगालमधील, पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेऊन ठेवण्यात आले. त्यांतील अनेकांचा जन्म येथलाच होता. भाजीच्या नावापुढे निरुपद्रवी दिसणारे विशेषण माणसाच्या नावापुढे लागले की त्याचे वजन काय होते, हे त्या लोकांनी अनुभवले.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत चिनी कोबी महाराष्ट्राच्या शेतात आला तो कोणा चिनी माणसाच्या हातून नव्हे. मोठ्या शहरांतील हॉटेलांच्या मागणीमुळे पुणे आणि नाशिक या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी ब्रोकोली, लाल कोबी, झुकिनी यांच्या जोडीने तो लावला. बाजारात या साऱ्यांना ‘विदेशी भाज्या’ असे एकच नाव मिळाले. गंमत अशी की, ज्याला लोक ‘चायनीज’ म्हणतात त्या रस्त्यावरच्या खाण्यात हा कोबी क्वचितच असतो. १९७५ साली मुंबईत ‘मंचुरियन’ हा पदार्थ जन्मास आला. त्याचे श्रेय कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग या बल्लवाचार्याला दिले जाते. मांचुरियात त्या पदार्थाचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. हातगाडीवरील नूडल्समध्ये आणि मंचुरियनच्या गोळ्यांत पडतो तो आपला नेहमीचा कोबी, म्हणजे पोर्तुगिजांचा कोव्ह. चिनी म्हणवणाऱ्या ताटलीत युरोपचा कोबी, आणि चिनी म्हणवणाऱ्या कोबीच्या अंगी सरसोंचे रक्त, असा हा नावांचा खेळ आहे.

या खेळात एकाच ठिकाणी नाव आणि नाते यांची गाठ पडलेली दिसते. हिमाचल प्रदेशात सुट्या पानांच्या जातीची लागवड रुजली, तेव्हा तेथे तिला ‘चायनीज सरसों’ हे नाव मिळाले. त्या भागात हिवाळ्यात सरसोंच्या पानांचे साग घरोघरी शिजते. शेतकऱ्याने पान हाती घेतले, त्याचा वास घेतला, त्याची पिवळी चौपाकळी फुले पाहिली आणि त्याला ती आपल्या सरसोंसारखी वाटली. त्याच्यापुढे उ यांचा त्रिकोण नव्हता, लोरेइरोचा ग्रंथ नव्हता. परंतु लोरेइरोला जे दिसले तेच त्यालाही दिसले. नावातील ‘चायनीज’ने पाहुणीची वाट सांगितली, ‘सरसों’ने तिचे गोत्र सांगितले. दोन्ही खरे, आणि दोन्ही एकत्र.

मराठीत ‘चिनी कोबी’ हे नाव आता रुळले आहे आणि ते बदलण्याचे काही कारण नाही. नवलकोलातील नवल खोटे आहे म्हणून कोणी ते नाव टाकून देत नाही. भाषेत रुळलेले नाव चुकीचे असले तरी त्याला जगण्याचा हक्क असतो. मात्र नाव हा जन्माचा दाखला नसतो. ती एका भेटीची नोंद असते. आणि भेटीच्या वेळी नाव देणाऱ्याला जे ठाऊक होते तेवढेच तीत उतरते. गोव्याच्या किनाऱ्यावर ज्याला आपण प्रथम भेटलो त्या कोबीच्या मापाने आपण पुढच्या प्रत्येक गड्ड्याला मोजले. सरसों आधी भेटली असती तर नाव निराळे झाले असते.

आज पुण्यातील किंवा अंबत्तूरमधील एखाद्या घरात ही भाजी चिरली जाते, कढईत तेल तापते आणि चिमूटभर मोहरी तडतडते. दक्षिणेत त्या मोहरीला ‘कडुगु’ म्हणतात. वरून चिनी कोबीची पांढरी शीर आणि फिकट पाने पडतात. एक नाव घरचे, दुसरे परक्याचे. पण कढईत भेटतात ती एकाच कुळातली दोघे.